तारीख गेली म्हणून रवा मेला का?

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या गावभागात आमचं किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. गेल्या आठवड्यात एक ताई अर्ध्या किलोचं रव्याचं पाकीट घेऊन आल्या. न फोडलेलं. "याची तारीख गेली ओ, बदलून द्या." तारीख तीन दिवसांपूर्वी संपलेली. पाकीट आमच्याकडचंच, दोन महिन्यांपूर्वी 'एकावर एक' स्कीममध्ये नेलेलं. एक संपलं, दुसरं डब्याच्या मागं राहिलं. मी म्हटलं, बदलून तर मिळणार नाही, पण रवा चांगला असेल, भाजून ठेवा. पोराला विष घाला म्हणालो अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि जाताना पाकीट दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून गेल्या.

ते मी बाहेर काढलं आणि कात्रीनं फोडलं. तळहातावर पसरून बघितलं. जाळी नाही, अळी नाही, खवट वास नाही. चिमूटभर तोंडात टाकला, गोडसर लागला.

महोदय, चूक त्या ताईंची नाही. पाकिटावर 'एक्सपायरी' असं छापलेलं होतं, आणि एक्सपायर झालं म्हणजे मेलं, एवढं इंग्रजी आता सगळ्यांना येतं. पूर्वी अशा मालावर 'बेस्ट बिफोर' असायचं. त्याचा अर्थ साधा होता: या तारखेपर्यंत चव, वास, करकरीतपणा यांची हमी कंपनीची, नंतरही माल खाण्याजोगा असू शकतो. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' छापणं सक्तीचं केलं आणि 'बेस्ट बिफोर' कंपनीच्या मर्जीवर सोडलं. त्यामुळं आज पनीरवर जो शब्द आहे तोच रव्यावर आहे. पनीरला तो शोभतोच. तारीख गेलेलं पनीर मी स्वतः खाणार नाही, तुम्हीही खाऊ नका. पण पोहे, रवा, दलिया, हळद यांना एकाच फासावर लटकवायचं कारण काय? साखरेवर मात्र तारखेची सक्ती नाही. म्हणजे सगळा माल सारखा नसतो हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

खराब धान्य काय असतं हे सांगलीच्या दुकानदाराला कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तेव्हा तांदळाची पोती फुगून उसवली होती. वासानं पोटात ढवळून आलं. त्या चिखलात रव्याची पाकिटं पडली होती, प्लॅस्टिकवरची छपाई जशीच्या तशी. तारीख २०२० ची! कागदावर माल उत्तम होता. आम्ही फावड्यानं ओढून ट्रॉलीत भरला. त्या दिवसापासून मी छापलेल्या तारखेपेक्षा नाकावर जास्त विश्वास ठेवतो.

आमच्या आईचा तर नाकावरच कारभार होता. दही आंबट झालं की कढी, भाकरी शिळी झाली की फोडणी घालून कुस्करा. वडील दुकानात रवा सुटाच विकायचे. पुडी बांधून पावशेर, अर्धा शेर, ज्याला जेवढा लागेल तेवढा. उरायचाच नाही, मग टाकणार काय? सुटं तेल बंद केलं ते बरोबरच झालं, त्यात भेसळ कोण काय करायचं ते आम्हीच बघितलंय. पण रवा-पोह्याची छोटी पुडी गेली आणि तिच्या जागी स्कीम आली. स्कीमचा फलक मीही लावतो, हे कबूल करतो. न लावून चालत नाही, पलीकडं मॉल आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांतून वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिला आहे. यात सालं-देठंही आली. तरी चार माणसांच्या घराचे होतात २२० किलो, म्हणजे चार पोती आणि वर थोडं. आमच्याकडून एवढा किराणा वर्षभरात न नेणारी गिऱ्हाइकं आहेत.

दुकानातलंही सांगतो. दर शनिवारी आम्ही मांडणी उपसतो आणि तारीख संपलेला माल एका पिशवीत घालतो. मोठ्या कंपन्यांचे लोक परत नेतात, पैसे कधीतरी वळते होतात. छोट्या कंपन्या हात वर करतात. तो माल विकायचा नाही, हा कायदा मी पाळतो. कुणाला फुकट द्यायचीही छाती होत नाही. मग निम्मा घंटागाडीत जातो आणि निम्म्याचा आमच्या घरी सांजा होतो. (हे लिहून मी गुन्हा कबूल करतोय का, तेही एकदा कळवावं.)

लेबलचा कायदा केंद्राचा आहे, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. पण राज्यानं जोर लावायला हरकत कुणाची? कोरड्या मालाला 'या तारखेपर्यंत उत्तम' आणि नाशवंताला 'या तारखेनंतर खाऊ नये' असे दोन वेगळे शब्द हवेत, आणि तेही मराठीत. आजच्या नियमानुसार लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत चालतं. सोबत मराठी छापायला बंदी नाही, पण सक्ती नाही म्हणून कुणी छापत नाही. अक्षर एवढं मोठं असावं की माझ्या आईला चष्म्याशिवाय नाही तर निदान चष्म्यानं तरी दिसावं.

दुसरं काम पूर्णपणे आपल्या हातातलं आहे. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याचे केंद्राचे नियम २०१९ मध्येच झाले आहेत. तारखेला पंधरा दिवस उरलेला माल आम्ही वसतिगृहाला किंवा आश्रमशाळेला द्यायचा तर कुणाला भेटायचं, पावती कशी करायची, एवढं आपल्या सांगलीच्या कार्यालयानं एका कागदावर मराठीत लिहून दुकानदारांना द्यावं. मी इथल्या चार-पाच व्यापाऱ्यांना विचारलं. एकालाही या नियमांची खबर नव्हती. मलाही हे पत्र लिहायला बसलो तेव्हाच कळलं.

त्या रव्याचं पाकीट अजून माझ्या गल्ल्याशेजारी आहे, तोंडाला रबर लावून. आपले अधिकारी पुढच्या तपासणीला आले की त्यांच्याच तळहातावर थोडा ओतणार आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार
गावभाग, सांगली