जुन्या बॅगेवर अख्खं स्वयंपाकघर रिकामं करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या पुरवणीत जुन्या लेदरच्या बॅगा घरच्या घरी नव्यासारख्या करा असं एक अख्खं पान आलं होतं. त्यात व्हिनेगर होतं, बेकिंग सोडा होता, खायचं तेल होतं, टूथपेस्ट पण होती, फक्त कुठलं लेदर ते कुठेच नव्हतं. मी वाचून घरात दोन दिवस बडबड केली, शेवटी बायको म्हणाली मला कशाला ऐकवतोस, त्यांनाच लिही की. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा पण व्हिनेगरचा भाग तेवढा ठेवा.

माझं क्वालिफिकेशन विचाराल तर काही नाही. सेकंडहँड बॅगा घ्यायच्या, साफ करायच्या, शिवण उसवली असेल तर शिवायची, हा गेली काही वर्षं माझा रविवारचा उद्योग आहे. (बायकांच्या पर्सेस आणि तुम्ही?? हा प्रश्न विचारून झालाय सगळ्यांचा, पुढे चला.) आणि सुरुवात मी पण अशाच टिप्स वाचून केली होती. बहिणीने एक जुनी बॅग घेतली होती, फिक्या बदामी रंगाची, हँडल जरा कळकट झालेले बाकी झकास, आणि मी मोठ्या उत्साहात म्हटलं दे इकडे. आधी व्हिनेगर आणि पाण्याने पुसली, मग चमक यावी म्हणून खायचं तेल चोळलं. तेल लावल्यावर पहिला तासभर ती इतकी सुंदर दिसत होती की मी फोटो काढून पाठवला तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बोटांचे ठसे उमटावेत तसे गडद पट्टे, आणि हँडल जिथे बॅगेला जोडलंय तिथल्या रिव्हेटभोवती एक काळाकुट्ट गोल. शाईचा थेंब सांडावा तसा. तो काही केल्या निघाला नाही, तेल पुढच्या काही महिन्यांत खवट झालं आणि त्याला धूळ चिकटायला लागली ते वेगळंच.

तो काळा गोल का आला ते मला खूप नंतर कळलं. झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं असतं ना, त्यातल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की काळा रंग तयार होतो, जुन्या काळची लिहायची शाई ह्याच रिअ‍ॅक्शनवर बनायची. रिव्हेट वरून पितळी दिसत होता पण आतला दांडा लोखंडी, व्हिनेगरने त्याचं लोखंड विरघळवून चामड्यात पोचवलं, झालं. चामड्याचं काम करणारे कारागीर तर लोखंडाचा चुरा व्हिनेगरमध्ये भिजत घालून मुद्दाम असा काळा रंग तयार करतात. म्हणजे मी साफ करायला गेलो आणि रंगवून आलो.

आता सोड्याचं. कमावलेलं चामडं मुळात आम्लधर्मी असतं, पीएच साधारण 3.5 ते 5 च्या आसपास. बेकिंग सोड्याचा 8 च्या वर, अंगाच्या साध्या साबणाचा 9-10. असं काही त्यावर घासलं की तंतूंना धरून ठेवणारी जी बांधणी असते ती सैल पडते, आतली तेलं निघून जातात आणि वाळल्यावर ते कडक होतं, तडकतं. लगेच दिसत नाही म्हणून टिप देणाऱ्याचं फावतं. टूथपेस्ट तर सरळ सरळ पॉलिश पेपर आहे, डाग जातो कारण वरचा थरच जातो.

पण माझं मुख्य भांडण ह्या एकेका पदार्थाशी नाहीये. लेदर ही एकच वस्तू आहे असं धरून चालणं हीच सगळ्यात मोठी चूक. क्रोमने म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं, झाडाच्या सालीने कमावलेलं, वर नुसता डाय असलेलं म्हणजे अ‍ॅनिलिन, वर रंगाचा आणि फिनिशचा जाड थर असलेलं पिगमेंटेड, मखमलीसारखं स्वेड, आरशासारखं चकचकीत पेटंट लेदर, आणि चामड्याचा चुरा गोंदात कालवून पत्रा केलेलं बॉन्डेड, ह्या सगळ्यांना एकच औषध कसं चालेल? क्रोमची पद्धत 1858 साली पहिल्यांदा मांडली गेली, 1884 ला अमेरिकेत पेटंट झालं आणि आज जगातलं बहुतेक चामडं त्याच पद्धतीने कमावलं जातं, त्यामुळे तुमच्या हातातली बॅग बहुधा क्रोमचीच असणार. पण हँडल आणि कडेची पाइपिंग सालीच्या चामड्याचं आणि बाकी बॅग भलत्याच कशाची असंही असतं, फिक्या हँडलच्या कितीतरी महागड्या बॅगांत तर बॉडी कोटेड कॅनव्हासची म्हणजे वर थर दिलेल्या जाड कापडाची असते. तेव्हा एका बॅगेत सुद्धा दोन न्याय.

ओळखायचं कसं तर पाण्याचा एक थेंब. खरंच एकच. बॅगेच्या तळाशी किंवा पट्ट्याच्या आतल्या बाजूला जिथे कुणी बघत नाही तिथे बोटाने ठेवायचा आणि बसून बघायचं. थेंब मण्यासारखा उभा राहिला आणि मिनिटभराने टिपला तर खाली काहीच नाही, म्हणजे वर फिनिश आहे, ही बॅग बऱ्यापैकी सहनशील आहे. थेंब हळूहळू पसरून आत गेला, जागा गडद झाली आणि वाळताना कडेला रिंग राहिली, म्हणजे उघडं चामडं, इथे ओलं फडकंसुद्धा जपून. ही टेस्ट केल्याशिवाय मी आता बॅगेला हात लावत नाही. पुढचा निम्मा निर्णय त्या थेंबातच होतो.

आणि कापलेली कड बघा. पट्ट्याला भोक पाडलंय तिथे डोकवा. आत केसाळ तंतू दिसले तर चामडं, कापडाची वीण दिसली तर वरचा थर प्लॅस्टिकचा. त्याचे पोपडे उडायला लागले असतील तर कृपया विकत घेऊ नका, त्यावर क्रीम नाही, तेल नाही, काही नाही, हवेतल्या दमटपणाने ते प्लॅस्टिक म्हणजे पॉलियुरेथेन आतूनच तुटत असतं. आतलं अस्तर हाताला चिकट लागतंय ना, तेही हेच. टाल्कम पावडर लावून दोन आठवडे बरं वाटतं मग परत चिकट. अस्तर काढून नवीन शिवणं एवढाच इलाज आणि तो वाटतो तितका अवघड नाही.

साफसफाई म्हणाल तर माझी नव्वद टक्के कोरडीच असते. बॅग रिकामी करायची, अस्तर बाहेर ओढून झटकायचं, शिवणीत साचलेलं किटण मऊ ब्रशने काढायचं, मग पिळून घट्ट केलेल्या फडक्याने पुसायचं. क्लीनर लेदरसाठीचाच, साधारण न्यूट्रल, आणि तोही स्पंजवर फेस काढून नुसता फेस लावायचा, खालचं पाणी नाही. इथे एक गोष्ट सगळे चुकतात, मी पण चुकायचो, ती म्हणजे डाग दिसला की तेवढीच जागा घासायची. असं केलं की डाग जातो आणि त्याच्या जागी स्वच्छ गोल येतो जो डागापेक्षा जास्त दिसतो! एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग एकसारखा पुसायचा म्हणजे रिंग पडायला कड मिळत नाही. वाळवायचं सावलीत, आत पांढरे कागद कोंबून. वर्तमानपत्र नको (माफ करा संपादक महाशय), शाई अस्तराला लागते. उन्हात किंवा हीटरजवळ तर मुळीच नको, ओलं चामडं गरम झालं की आकसतं आणि ते परत होत नाही.

जुन्या बॅगेवर पांढरट पावडर दिसली की लोक बुरशी बुरशी म्हणून ओरडतात. प्रत्येक वेळी बुरशी नसते. चामड्यात मुरवलेली चरबी कधी कधी थंडीत वर येऊन पांढरी दिसते. हेअर ड्रायर लांबून मिनिटभर कोमट धरा, चरबी असेल तर वितळून दिसेनाशी होते, बुरशी असेल तर तशीच ढिम्म. बुरशीच असेल तर घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून ब्रश करायचा, मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेलं फडकं फिरवायचं, पण आधी कोपऱ्यात टेस्ट करून कारण अल्कोहोलने रंग उतरू शकतो. आणि ती बॅग बाकीच्यांपासून लांब ठेवायची. दमट जागी आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर गेली की बुरशी परत येणार हे धरून चाला, बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली तर हमखास.

कंडिशनरबद्दल, म्हणजे चामडं मऊ ठेवायच्या क्रीमबद्दल, थोडक्यात. कमी. अजून कमी. फिनिशचा थर असलेल्या बॅगेत तो आत जातच नाही फारसा, वर बसतो आणि आपण उगाच खूश होतो. उघड्या चामड्याला वाटाण्याएवढा घेऊन फडक्यावर चोळून मग लावायचा, रात्रभर ठेवायचा, उरलेला पुसायचा. गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढतात ते नीट्सफूट तेल घोड्याच्या खोगिराला उत्तम, पण फिकी हँडबॅग त्याने काळपट आणि लुळी पडते.

रंग उडालेले कोपरे हा बॅगेचा सगळ्यात दुखरा भाग आणि तिथे बूटपॉलिश लावणारे लोक मला रोज भेटतात. बूट कपड्यांना घासत नाही हो, बॅग दिवसभर कमरेला घासते! माझा एक पांढरा शर्ट असाच गेला. तिथे लेदरसाठीचा अ‍ॅक्रिलिक रंग लागतो आणि तो लावायच्या आधी जुनी चमक उतरवावी लागते, नाहीतर नवीन रंग सालपटासारखा निघतो. मग स्पंजने पातळ थर, वाळू द्यायचा, परत पातळ थर, असे चार पाच, शेवटी वरून फिनिशर. खड्डे असतील तर आधी लवचिक फिलर, तोही पातळ थरांत, वाळल्यावर 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलका हात. शेड जुळवणं हेच खरं कसब, ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो त्यामुळे आधी कागदावर लावून, वाळवून, मगच बॅगेशेजारी धरायचा. मला अजूनही तीनदा तरी चुकतं.

बकलाभोवती हिरवं मेणचट काहीतरी साचलेलं असतं, ते पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी ह्यांचं मिश्रण. टूथपिकने खरवडून कोरड्या फडक्याने पुसायचं, पटकन निघतं. धातूचं पॉलिश लावायचंच असेल तर खाली प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून, नाहीतर चामड्यावर काळा डाग, आणि मुलामा दिलेलं असेल तर लावूच नका, दोनदा घासलं की मुलामा फडक्यावर. चेन अडकत असेल तर मेणबत्ती फिरवा, झालं. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून दोन सुया आणि मेण लावलेला दोरा घेऊन शिवायची, नवीन भोकं पाडली की तिथे पुढे फाटतं.

काही हौशी लोक अख्खी बॅग पाण्याच्या टबात बुडवून धुतात. अस्तर नसलेल्या, जाड, जुन्या पद्धतीच्या बॅगांवर हे जमलेलं मी बघितलंय, माझ्याकडे एक आहे अशी, अगदी नरम आणि छान झाली. पण आत पुठ्ठा असलेली बॅग बुडवली तर आकार कायमचा गेलाच, आणि पुठ्ठा आहे की नाही हे शंभर टक्के आधी कळत नाही. माझं मत विचाराल तर ज्याला हरायची तयारी आहे त्यानेच करावं.

तेव्हा एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी असं पान छापाल तर वर पहिल्याच ओळीत थेंबाची टेस्ट छापा, आणि उपाय लिहिणाऱ्याला विचारा की तुझी बॅग लावल्या दिवशी कशी दिसत होती ते नको, सहा महिन्यांनी कशी होती ते सांग. बहिणीची ती बॅग अजून आहे. मी रंग लावून काळा गोल झाकून देतो म्हटलं तर नको म्हणाली, तू आता कशाला हात लावू नकोस त्याला.

आपला,
एक वाचक

ता.क. : वासाचं राहिलं. जुन्या बॅगेचा कुबट वास जायला ती उघडी ठेवून शेजारी वाटीत अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, आणि दोघांना एका मोठ्या बंद डब्यात आठवडाभर. डांबरगोळ्या टाकू नका, कुबट वास जाईल एकवेळ पण डांबरगोळीचा जात नाही.