उचललेलं नख आधी उजेडात धर

सांगली, १२ डिसेंबर

प्रिय वैशाली,

काल फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस, म्हणून आज दुपारी पार्लर रिकामं आहे तेवढ्यात सविस्तर लिहायला बसले. पावडर आणि लिक्विड मिसळून तू बसवलेली ॲक्रिलिकची नखं आठ दिवसांत सुटून उचलतात म्हणून तू नवी पावडर, नवा प्रायमर मागवायला निघालीयस. जरा थांब गं. पैसे घालण्याआधी नख कुठून उचललंय ते बघ. नव्वद टक्के उत्तर तिथंच मिळतं असं माझं ठाम मत आहे.

बाई परत आली की ड्रिल हातात घ्यायच्या आधी तिचं बोट खिडकीच्या उजेडात धर. क्यूटिकलकडून, म्हणजे नखाच्या मुळाशी कातडी असते तिथून, उचललं असेल तर बहुतेक वेळा तिथं पातळ कातडी राहून गेलेली असते. ती पारदर्शक असते, नखालाच चिकटलेली, पटकन दिसत नाही. नुसती मागं ढकलून भागत नाही, हलक्या हातानं खरवडून काढावी लागते. बफर, म्हणजे बारीक घासणी, मारल्यावर नख सगळीकडे सारखं मंद दिसलं पाहिजे. कुठं चकाकी राहिली तर तिथं तेल किंवा कातडी आहे असं समज. आणि म्हणून जोरात घासत सुटू नकोस. नख पातळ झालं की मटेरियल सेट होताना निघणारी उष्णता थेट खाली पोचते आणि बाई चटका बसला म्हणून हात ओढते.

दुसरं कारण म्हणजे मटेरियल कातडीला टेकणं. कडेनं केसभर जागा मोकळी सोडायचीच. इथं मी तुला हक्कानं रागावणार आहे, कारण हा फक्त लिफ्टिंगचा, म्हणजे नख उचलण्याचा, प्रश्न नाही. ओलं लिक्विड वरचेवर कातडीला लागलं की ॲलर्जी येते, खाज सुटते, बोटं सोलतात, आणि एकदा आली की ती सहसा जन्मभर राहते. याच जातीची रसायनं दातांच्या कामात आणि हाडांच्या सिमेंटमध्येही वापरतात, म्हणजे त्या बाईला पुढं दवाखान्यातसुद्धा अडचण येऊ शकते. तुझ्या स्वतःच्या बोटांनाही हेच लागू. ब्रश बोटांनी पुसायची सवय असेल तर आजच सोड.

नख मधूनच आडवं मोडलं असेल तर पावडरला दोष देऊ नकोस. तिथं अपेक्स, म्हणजे नखावरचा सगळ्यात जाड उंचवटा, नाहीये किंवा तो पुढं सरकलाय. बोट डोळ्यांच्या रेषेत आडवं धरून बाजूनं बघ. खरं नख जिथं संपतं आणि वाढवलेलं सुरू होतं, तो सगळा भाग ताण झेलतो. सगळ्यात जाड जागा त्याच्या जराशी मागं हवी, आणि तिथून क्यूटिकलकडे व टोकाकडे उतरत गेली पाहिजे. तुझ्या फोटोतली करंगळी तर राघूच्या चोचीसारखी खाली वळलीय. तो फॉर्मचा, म्हणजे नख वाढवताना टोकाखाली लावतो त्या साच्याचा, दोष आहे. फॉर्म खाली कललेला होता. नखाच्या टोकाशी फॉर्मची फट राहिली तर लिक्विड खाली झिरपतं आणि आतून पायरी पडते. फॉर्म बसवताना घाई झाली की पुढचं सगळं फाइलिंग त्याची भरपाई करण्यात जातं.

आता तुझ्या साताऱ्याच्या थंडीचं. सकाळच्या नखांवर पांढुरक्या बारीक रेषा उमटतात म्हणालीस ना, ते गारठ्यामुळं होतं. लिक्विड धड सेट व्हायच्या आत उडून जातं आणि मटेरियलमध्ये स्फटिक धरतात. खोली उबदार कर, बाईला हात चोळून गरम करायला सांग, पहिली वेळ जरा उशिराची दे. हीटरजवळ बाटली मात्र नेऊ नकोस, लिक्विड पेट घेतं. आमच्याकडे उलटा त्रास. एप्रिलमध्ये बीड, म्हणजे ब्रशवर उचललेला लिक्विड-पावडरचा थेंब, दाबायच्या आतच घट्ट होतो.

बीड मात्र रोज तपासत जा. साधारण दीड भाग लिक्विडला एक भाग पावडर. ब्रश उलटा धरला तरी थेंब गळता कामा नये, आणि नखावर ठेवल्यावर त्यानं हळूहळू पसरून वर गुळगुळीत चकाकी धरावी. वाहत क्यूटिकलमध्ये गेला तर ओला. वरून रवाळ राहिला तर कोरडा. बुडबुडे बहुधा सारखं थापटल्यानं येतात.

हळदीच्या डागांना घाबरू नकोस. आमचं सांगली हळदीचंच गाव, सगळ्या नवऱ्या पिवळी नखं घेऊन येतात. डाग वरवरचा असतो. हलकं बफर करून नवा टॉप कोट दिला की जातो. जमलं तर हळद झाल्यावरच नखं घाल.

हिरवट डाग दिसला तर मात्र गंमत समजू नकोस. उचललेल्या नखाखाली ओल साठून जंतू वाढलेले असतात. त्यावर रिफिल, म्हणजे पुन्हा मटेरियल भरणं, करायचं नाही. सगळं काढायचं, नख मोकळं ठेवायचं आणि बाईला डॉक्टरकडे पाठवायचं. पैसे गेले तरी चालतील.

आणि ते लेबल नसलेलं स्वस्त लिक्विड घेऊ नकोस. त्यात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असू शकतं. अमेरिकेत त्यावर १९७० च्या दशकातच कारवाई झाली. ते ॲसिटोनमध्ये सहजी विरघळत नाही, आणि इतकं कडक होतं की कुठं अडकलं तर खालचं खरं नखच फाटून येतं. बाटलीवर ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) लिहिलेलं बघूनच घे.

पुढच्या वेळी फोटो तीन बाजूंनी काढ: वरून, कडेनं आणि टोकाकडून समोरून. पौषात लग्नं नसतात, तेव्हा दोन दिवस इकडे ये. फॉर्म बसवायचं आपण एकत्र बसून करू. काकूंना सांग, जी एसटी मिळेल तिनं तुला परत पाठवीन, आणि सोबत कृष्णाकाठची वांगीही देईन.

तुझी,
सुजाता