सर, ‘नाही’ लिहिण्याआधी मी अजून थांबते

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

परवा आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की तुमची अँजिओप्लास्टी झाली, आता घरी आहात, तब्येत बरी आहे. खाली लगेच हात जोडलेल्यांची रांग लागली. मीही जोडले. फोन बाजूला ठेवला आणि मला तुमचा १९५२ सालावरचा तास आठवला.

त्या दिवशी विषय भलताच होता, पण कुणीतरी डॉ. आंबेडकरांचं नाव काढलं आणि तुम्ही खडू टेबलावर ठेवलात. खडू खाली गेला की तास अभ्यासक्रमाबाहेर गेला, हे आम्हाला ठाऊक होतं. १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते, तिथं जॉन ड्युई हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक त्यांना लाभले. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि करता न आलेलं भाषण त्यांनी स्वतः छापलं, त्यात ड्युई आपले शिक्षक होते आणि आपण त्यांचे फार ऋणी आहोत, असं स्पष्ट लिहून ठेवलं. पुढं १९५२ च्या जूनमध्ये त्याच विद्यापीठाची मानद पदवी घ्यायला ते निघाले. ड्युई भेटतील अशी आस होती. विमान रोममध्ये असताना ड्युई गेले. आपलं सगळं बौद्धिक आयुष्य त्यांचंच देणं आहे, असं बाबासाहेबांनी पत्नीला, माईंना, पत्रात कळवलं.

एवढं सांगून तुम्ही म्हणालात, “एवढ्या मोठ्या माणसाचंही राहून गेलं.” आणि खडू उचललात.

म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण एकट्या तुम्हाला पाठवलं असतं तर तुम्ही लाल पेननं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. दुसरं कारण, तुम्ही निवृत्त झाल्यावर ती जागा भरली नाही, विद्यार्थी कमी म्हणून तत्त्वज्ञान विषयच बंद झाला. तुमच्या खोलीत आता परीक्षा विभागाचे गठ्ठे आहेत. तिथं काय चालायचं हे कुठंतरी लिहिलेलं असावं.

मी काही तत्त्वज्ञान शिकायला आले नव्हते. भूगोलाच्या जागा भरल्या होत्या. प्रवेशाच्या खिडकीतला कारकून म्हणाला, “तत्त्वज्ञान घेऊन टाक, कुणी नापास होत नाही.” पहिल्या तासाला आम्ही अकरा जण होतो, त्यातले नऊ भूगोलाचेच. तुम्हाला ते माहीत होतं. “भूगोलातून आलेल्यांचं स्वागत,” असं म्हणून तुम्ही सुरुवात केलीत.

नंतर नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचा, डोंगर आला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. अनुमानाच्या पाच पायऱ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आम्ही ते पाढ्यासारखं घोकलं. मग एका सकाळी तुम्ही आम्हाला गच्चीवर नेलंत आणि शिवारापलीकडं बोट दाखवून विचारलंत, “काय दिसतं?” सगळ्यांनी सांगितलं, धूर. कुणीतरी कडबा पेटवला असेल, असंही एकानं जोडलं. पाचेक मिनिटांत त्या धुरातून ट्रॅक्टर बाहेर आला. तुम्ही हसला नाहीत. खाली येऊन फळ्यावर मधोमध रेघ मारलीत. डावीकडं लिहिलंत ‘पाहिलं’, उजवीकडं ‘ठरवलं’. धूर कुठल्या बाजूला जाईल यावर पुढचे दोन तास आम्ही भांडलो.

पण माझ्या डोक्यात खोल रुतलं ते त्याच्या पुढचं प्रकरण, अनुपलब्धी, म्हणजे न दिसण्यावरून ‘नाही’ हे कळणं. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशानं कळतं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानंच. कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैती म्हणतात, नाही, हे वेगळंच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, आहे. मला तर तो वाद आधी निव्वळ रिकामटेकडेपणा वाटला होता. घट नाही तर नाही, त्यात शोधायचं काय? तुम्ही विचारलंत, “या वर्गात हत्ती आहे?” नाही. “कशावरून?” असता तर दिसला असता. “मुंगी आहे?” आम्ही बाकाखाली बघायला लागलो. “आता कळलं?” तुम्ही म्हणालात. “जे असतं तर दिसलंच असतं, त्याच्याचबद्दल, न दिसल्यावर ‘नाही’ म्हणायचा अधिकार. बाकीच्याबद्दल तुम्ही एवढंच म्हणू शकता की मला दिसलं नाही.” योग्यानुपलब्धी हा शब्द मी त्या दिवशी वहीत लिहिला आणि त्याखाली हत्ती काढला.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर मी कॉलेजला आले नाही. कापूस फुटला होता, वेचायला मजूर मिळत नव्हते. शिवाय घरात एका स्थळाचं बोलणं चाललं होतं. दोन्ही कारणं एकमेकांना धरून होती. तीन आठवडे झाले, चार झाले. एके दिवशी संध्याकाळी तुम्ही एसटीनं आमच्या गावी उतरलात आणि विचारत विचारत घरी आलात. मी कापसाच्या ढिगाशेजारी, हातात बोंडांचे ओरखडे. तुम्ही आप्पांना म्हणालात, “ऑफिसातल्या कॅटलॉगवर हिच्या नावापुढं ‘कॉलेज सोडले’ असं लिहिलंय. खरंय का, ते बघायला आलो.”

आप्पा खाटेवरून उठलेही नाहीत. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, “हाई शिकीसन पोट भरी का?”

मला वाटलं, आता तुम्ही शिक्षणाचं महत्त्व सांगाल. गावात येणारा प्रत्येक मास्तर तेच सांगायचा. तुम्ही विचार केलात, खरोखरच केलात, आणि म्हणालात, “माहीत नाही.” मग चहा प्यायलात, कपाशीला काय भाव मिळतोय ते विचारलंत आणि शेवटच्या गाडीनं गेलात.

आप्पा त्या रात्री आईला म्हणाले, एवढ्या वर्षांत ‘माहीत नाही’ म्हणणारा पहिला मास्तर पाहिला. पुढच्या सोमवारी मी वर्गात होते. स्थळ मोडलं नाही, पुढं ढकललं गेलं, आणि ढकलता ढकलता त्यांनीच दुसरीकडं जमवलं. हे तुम्हाला मी आजवर सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी तुम्ही आम्हाला अमळनेरला नेलंत. लाल डब्यातून, डबे बांधून. प्रतापशेठांनी १९१६ साली उभं केलेलं तत्त्वज्ञान मंदिर बघायला. खानदेशात, गिरणीच्या गावात, कुणा व्यापाऱ्याला तत्त्वज्ञानासाठी पैसे घालावेसे वाटले, याचंच मला नवल वाटत राहिलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालमधून येऊन इथं संचालक होता, आणि साने गुरुजी आधी इथं शिकायला आले, मग प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले, हे तुम्ही दारातच उभं राहून सांगितलंत. आम्हा मुलींचं निम्मं लक्ष आत जाण्यापेक्षा फोटो काढण्याकडं होतं. परतताना तुम्ही म्हणालात, “गुरुजी इथं थांबले असते तर भाष्यं लिहिली असती. ते मुलांकडं गेले.” यात चांगलं कुठलं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. अशा ठिकाणी तुम्ही नेहमीच गप्प बसायचात आणि आमची चिडचिड व्हायची.

बी. ए. नंतर मी सगळ्यांसारखी पुण्याला गेले. सदाशिव पेठेत कॉटबेसिस, अभ्यासिकेत बारा तास, आणि वहीच्या पहिल्या पानावर ‘कलेक्टर’. दोन वर्षं. पूर्व निघाली की मुख्य राहायची, पुढच्या खेपेला पूर्वच राहिली. एका रात्री तुम्हाला फोन केला. रडत होते, हे तुम्हाला कळलं असणार. तुम्ही समजूत घातली नाहीत. विचारलंत, “कलेक्टर झालीस समज. सोमवारी सकाळी खुर्चीत बसलीस. पहिलं काम काय करशील?” मला गाडी दिसली, शिपाई दिसला, गावातला सत्कार दिसला. काम दिसेना. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तेच शोधत बसले. अखेर जे सापडलं ते कलेक्टरचं नव्हतंच: आप्पांचं वारसाचं प्रकरण, चौदा खेटे, आणि खिडकीपलीकडं मान वर न करणारा माणूस. मला त्या खिडकीच्या पलीकडं बसायचं होतं आणि मान वर करायची होती. तलाठ्याची परीक्षा दिली. झाले तेव्हा तुम्हाला कळवलं, “सर, फक्त तलाठी झाले.” तुम्ही विचारलंत, “यातलं ‘फक्त’ पाहिलंस की ठरवलंस?”

(आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावात मात्र ‘तलाठीबाई’च.)

सर, माझं सगळं काम तुमच्या त्या फळ्यावर चालतं. पंचनामा म्हणजे दुसरं काय? डावी बाजू लिहायची, उजवी बाजू लिहायची नाही. आणि पंचनाम्याला लागलेली कीड म्हणजे ‘अंदाजे’ हा शब्द. मागं गारपीट झाली तेव्हा कृषी सहायक, ग्रामसेवक आणि मी केळीच्या बागेत उभे होतो. नुकसान ३३ टक्क्यांच्या आत राहिलं की मदत नाही. बांधावरून बघून ‘अंदाजे ४० टक्के’ लिहिणं सोपं होतं. मी खोडं मोजायला लावली. दोनशे मोजली, अठ्ठावन्न आडवी. शेतकरी काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. मी २९ लिहिलं. तो माणूस आजही मला रामराम घालत नाही. तुम्ही म्हणायचात, निर्णय घेताना भावना बाहेर ठेवाव्यात. सर, हे मला अजून पटलेलं नाही. मी ठेवल्या होत्या बाहेर, आणि त्या बाहेर उभ्या राहून रात्रभर दार वाजवत होत्या. यावर आपलं भांडण बाकी आहे.

पण हत्ती-मुंगीचा धडा मला सगळ्यात जास्त लागतो तो वारसाच्या नोंदीत. बाप गेला की मुलं अर्ज आणतात. वारस: मुलगा, मुलगा, पत्नी. मी विचारते, “बहिणी?” उत्तर येतं, “नाहीत.” किंवा, “दिल्या घरी सुखी आहेत.” हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला, हे त्यांनाही ठाऊक असतं, मलाही. अर्जात बहीण दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असं लिहिता येतं का? भावांनी केलेला अर्ज ही काही बहीण असती तर दिसलीच असती अशी जागा नव्हे. तिथं ती मुंगी असते. मग मी शाळेचं जुनं रजिस्टर बघते, पोलीस पाटलाला विचारते. म्हाताऱ्या बायकांना विचारलं की सगळ्यात लवकर कळतं, त्यांना गावातलं प्रत्येक बाळंतपण पाठ असतं.

गेल्या वर्षी अशीच एक सापडली. दोन भावांचा अर्ज, बहीण ‘नाही’. ती निघाली तीन तालुके पलीकडं, सासरी, शेतमजुरी करणारी. तिचं नाव अर्जात आलं, नोटीस तिच्या पत्त्यावर गेली, नोंद मंजूर झाली. सहा महिन्यांनी तीच भावांबरोबर नोंदवलेलं हक्कसोड पत्र घेऊन आली. मी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, “माहेर तुटायला नको, बाई.” माझ्याकडं त्यावर काही नव्हतं. कांट सांगून उपयोग नव्हता. नियमाप्रमाणं फेरफार धरला. जाताना तिनं एक मागितलं, तिचं नाव असलेला सातबारा, नाव कमी व्हायच्या आधीचा. मी काढून दिला. तिनं तो चार घड्या घालून पिशवीत, नव्या साडीच्या खाली ठेवला. साडी भावांनी घेतली होती.

त्या संध्याकाळी मला तुमची एसटीतून उतरलेली आकृती आठवली. खांद्याला शबनम, पायताणावर काळी माती. ‘कॉलेज सोडले’ असं लिहिलेलं असताना ते खरं आहे का, हे बघायला आलेला माणूस.

आभार कसे मानतात ते मला नीट येत नाही, घरात तशी सवय नाही. आप्पांनाही नव्हती. पण शेवटच्या आजारपणात त्यांनी एकदा विचारलं होतं, “तो माहीत नाही म्हननारा मास्तर बरा शे ना?” तेव्हा मी फोन करायला हवा होता.

सर, संक्रांतीनंतर दोन दिवस रजा टाकलीय. नाशिकला येते. भरताची वांगी आणते, आमच्याच बांधावरची. तेल किती घालायचं ते काकू आणि तुमचे डॉक्टर ठरवतील, मी मध्ये पडणार नाही. तुम्ही वाचायला दिलेला तत्त्वज्ञान महाकोशाचा दुसरा खंडही आणते. तो माझ्याकडं तेरा वर्षं आहे. तुम्ही कधी मागितला नाहीत, म्हणजे तुम्हाला आठवत नसेल असं मी ठरवलं होतं. पाहिलं नव्हतं.

तुमची,
रोल नंबर ७
(भूगोलातून आलेली)