गतिरोधकाला पट्टे कोण मारणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी हौशी सायकलवाले रस्ता अडवतात, अशी तक्रार करणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. पन्नाशीतली माणसं घट्ट चड्ड्या घालून तिघं तिघं शेजारी चालवतात, गप्पा छाटतात आणि मागून हॉर्न वाजला की उलट डोळे वटारतात, असं त्यात लिहिलं होतं. वर्णन इतकं तंतोतंत आहे की त्यांनी आम्हालाच पाहिलं असावं. आम्ही म्हणजे मी, माझी बायको, दाजी (धाकट्या बहिणीचे यजमान), नववीतला भाचा आणि माझे दोन शाळासोबती. राहणार सातारा. गप्पांचा आरोप कबूल. एका ओळीत चालवायला हवं, तेही कबूल. चड्डीला मात्र आतून गादी असते आणि पंचवीस किलोमीटरनंतर तिची किंमत कळते, एवढं सांगून तो विषय सोडतो.

आमचं बरंचसं नुकसान आम्हीच करून घेतलं आहे. पहिली रपेट संगम माहुलीची. जवळच तर जायचंय म्हणून पंप घरी ठेवला आणि बाभळीच्या काट्याने माझं पुढचं चाक बसलं. पंक्चरवाला सापडला, पण त्याच्या हवेच्या नळीचं तोंड मोटरसायकलच्या जाड वॉलचं. माझ्या सायकलचा बारीक वॉल त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ह्ये आमच्यात बसत न्हाय, सायेब." लहानपणी वालट्यूबचा, म्हणजे वॉलवर चढवायच्या बारीक रबरी नळीचा, तुकडा खिशात असला की कुठेही निभावून जायचं. आता सायकल पंचवीस हजारांची आणि हातात धरून घरी न्यायची. जाताना त्या भल्या माणसाने एक गोष्ट शिकवली. काटा टायरमध्ये दिसला तर रस्त्यात उपसायचा नाही. तो आत आहे तोवर भोक बरंचसं बंद असतं, हवा हळूहळू जाते, घर गाठता येतं. मी अर्थातच आधी उपसला होता.

त्याच माहुलीला साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. धन्याला त्याने वाघापासून वाचवलं, असं सांगतात. पहाटे भेटणारे त्याचे भाईबंद आमच्या पोटऱ्यांवर नजर ठेवून असतात. माझ्या एका मित्राने घाबरून जोरात पायडल मारलं आणि उसाच्या सरीत जाऊन बसला. बायको शांतपणे खाली उतरली आणि सायकल मध्ये धरून उभी राहिली. कुत्रं दोनदा भुंकलं आणि कंटाळून परत गेलं. पळणाऱ्याच्या मागे पळायचं एवढंच त्याला ठाऊक.

यवतेश्वरचा घाट ऐन पावसात उतरण्याचा शहाणपणाही आम्ही करून झालो आहोत. ओल्या रिमवर रबरी ब्रेक दाबला तर चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. भाच्याने दोन्ही पाय रस्त्याला लावून सायकल थांबवली. बूट आठवड्यापूर्वीचे होते.

यातल्या कशाबद्दलही मी आपल्याला पत्र लिहिलं नसतं.

डिसेंबरमधल्या एका रविवारी लिंबची बारा मोटेची विहीर बघायला निघालो. महामार्ग सोडून आतल्या गावांच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेसहा झाले असतील. नदीकाठचं धुकं होतं. उसाचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर पाचट पसरलेलं. दाजी पुढे होते. ते दिसत नव्हते, त्यांच्या सायकलचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता. तो लाल ठिपका एकाएकी हातभर वर उडाला आणि विझला. आवाज त्यानंतर आला.

मी सायकल टाकून धावलो. वडाच्या झाडाखाली, डांबराच्याच रंगाचा, पाचटाने झाकलेला एक गतिरोधक होता. दाजी त्याच्या पलीकडे रस्त्यात बसलेले, कोपरात रुतलेली पाचटाची कुसळं उपटत. म्हणाले, "म्हैस आडवी झोपली होती का रं?" हेल्मेटला डाव्या कानामागे आरपार चीर गेली होती. पडताना हात पुढे टाकला होता, त्यामुळे खांद्यापासचं हाड मोडलं. कॉलरबोन, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दूध गोळा करणारा एक टेम्पो थांबला, पण चालक घुटमळला. "पोलीस नाव लिवून घेतील, मग तारखांना पळा." मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. जखमीला मदत करणाऱ्याने स्वतःचं नाव-गाव सांगितलंच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे मला ठाऊक होतं आणि भर रस्त्यात त्याला ते पटवून देता आलं, म्हणून दाजी अर्ध्या तासात दवाखान्यात पोचले. हे कलम दूध डेअरीच्या भिंतीवर लिहून ठेवावं, अशा लायकीचं आहे.

पुढच्या रविवारी मी आणि भाचा टेप घेऊन परत गेलो. गतिरोधकाची उंची भरली १८ सेंटिमीटर, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने रुंदी जेमतेम सव्वा मीटर. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोल गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर दिली आहे, म्हणजे बारा फूट. चढ आणि उतार इतका लांब पसरला की ताशी पंचवीसच्या वेगाने जाणारं वाहन नुसतं डुलतं, उडत नाही. शिवाय त्यावर रंगाचे पट्टे हवेत आणि ४० मीटर आधी फलक हवा. इथे ना पट्टा ना फलक. चारचाकीच्या प्रवाशाचं डोकं टपाला आपटतं. सायकलच्या टायरची रुंदी दोन बोटं आणि खाली स्प्रिंग नाही, तिचं काय होतं ते दाजींना विचारा.

ज्या खात्याचा रस्ता असावा असं वाटलं, तिथे अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी सौजन्याने बसवून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की हा गतिरोधक त्यांच्या यादीतच नाही. तो गावाने केलाय. यादीत नाही म्हणून रंग मारता येत नाही. मग काढून टाका, म्हटलं. तर म्हणाले, गाव आडवं येईल.

गावाचं खोटं नाही. वडाखाली चहाची टपरी चालवणाऱ्या मावशींनी सगळं सांगितलं. "शाळंला चाललेली पोरगी उडवली बघा मोटरसायकलवाल्यानं. पाय मोडला तिचा. त्याच रात्री पोरांनी खडी आणली, डांबर आणलं. अर्ज करून कोण आलं असतं?" त्या रात्री ती पोरं मोजपट्टी घेऊन बसली नाहीत, यासाठी मी त्यांना नावं ठेवणार नाही. हा गतिरोधक काढा, असंही माझं म्हणणं नाही, तिथे तो हवाच. तो कुणाचा हा वाद खुशाल कागदावर वर्षभर चालू द्या. तोवर ज्यांच्याकडे रस्त्याचा पांढरा रंग आहे त्यांनी येऊन चार पट्टे मारावेत आणि अलीकडे-पलीकडे एकेक पाटी रोवावी. बाकीचा उंचवटा तासून लांब करायचं काम सावकाश करा. ज्या वाचकांनी आमच्याविरुद्ध लिहिलं त्यांनाही सांगतो, धुक्यात दुचाकीवरून त्या रस्त्याने जाणार असाल तर वड दिसला की वेग कमी करा.

सध्याची व्यवस्था अशी आहे. भाचा शाळेच्या कबड्डी संघात आहे, त्यामुळे मैदान आखायची फक्की कुठे मिळते हे त्याला माहीत. दोन किलोची पिशवी आम्ही मावशींच्या टपरीमागे ठेवली आहे. दर रविवारी पाचट झाडून गतिरोधकावर फक्कीचे पट्टे ओढतो. मावशी म्हणतात, मंगळवारपर्यंत दिसतात, मग उसाच्या ट्रॅक्टरखाली जातात. दाजींचा हात अजून झोळीत आहे. ते मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून येतात आणि पट्टे सरळ आले की नाही, एवढं बघतात.

आपला,
एक हौशी सायकलवाला, सातारा