लीड की लेड?

संपादक साहेब,
निवडणुकीत उमेदवार घेतो ते लीड आणि रंगाच्या डब्यात असतं ते लेड, पण स्पेलिंग एकच (lead), त्यामुळे टीव्हीवाले खुशाल 'लीड-फ्री पेंट' म्हणून मोकळे होतात. मुळात हे दोन वेगळेच शब्द, एक पुढे नेणं आणि दुसरा शिसं, जुन्या इंग्रजीतही वेगळेच होते, पुढे लिहायला सारखे झाले एवढंच. त्यात पुढे नेणाऱ्या लीडचा भूतकाळ परत 'लेड'च, पण स्पेलिंग led, तिथे तर खुद्द इंग्रजही स्पेलिंगमध्ये गडबडतात!

शिशाला लॅटिनमध्ये प्लंबम म्हणत, म्हणून चिन्ह पीबी, आणि पूर्वी पाण्याचे पाइप शिशाचे असायचे म्हणून ते काम करणारा प्लंबर. पेन्सिलचं तर भारीच आहे. १६व्या शतकात इंग्लंडात बॉरोडेलला ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीत असतं तेच काळं द्रव्य, सापडलं, लोकांना वाटलं हे शिसंच, १७७९ मध्ये शेले नावाच्या केमिस्टने ते कार्बन असल्याचं दाखवलं तरी नाव चिकटलं ते चिकटलंच, आपणही शिसपेन्सिलच म्हणतो की. त्यामुळे पोराने पेन्सिलचं टोक चावलं तर शिसं पोटात गेलं म्हणून घाबरू नका, वरचा रंग कसला आहे ते मात्र बघा.

– एक वाचक, डोंबिवली