पायी सहलीच्या नावाखाली बसमधून फिरवल्याबद्दल आणि शिकार चालू असलेल्या जंगलात नेल्याबद्दल तक्रार

दिनांक : 27 ऑक्टोबर 2025
पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 1 ते 8 ऑक्टोबर 2025 या काळातील ‘फ्रान्सचे किल्ले, जंगलं आणि पायवाटा’ ही सहल जाहिरातीप्रमाणे न झाल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

मी आणि माझे पती या सहलीला गेलो होतो. आमची वयं 61 आणि 66. माणशी 3,85,000 रुपये आम्ही मार्चमध्येच पूर्ण भरले. परत आल्यावर तुमच्या कार्यालयात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा “फीडबॅक फॉर्म भरा” एवढंच सांगितलं गेलं. हे फीडबॅकवर भागण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दोघं गेली पस्तीस वर्षं सह्याद्रीत हिंडतो. पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचा बर्फ दाखवणाऱ्या सहली पुण्यात गल्लोगल्ली मिळतात, त्यांतली कुठलीच आम्ही घेतली नव्हती. तुमची घेतली, कारण माहितीपत्रकात नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य नदीच्या खोऱ्याचं नाव होतं. तिथल्या ओकच्या गर्द रानांमुळे या मुलखाला ‘काळा पेरिगोर’ म्हणतात. नदीच्या दोन्ही काठांवर कड्यावर किल्ले आहेत, आणि जीआर 6 व जीआर 64 या लांब पल्ल्याच्या पायवाटा या भागातून जातात. पाच दिवस रोज 10 ते 14 किलोमीटर चाल, सोबत स्थानिक वाटाड्या, असं तुम्ही छापलं होतं. आम्ही त्यासाठी सहा महिने रोज पर्वती चढत होतो.

प्रत्यक्षात पाच दिवसांत मिळून आमची चाल नऊ किलोमीटरच्या वर गेली नाही. स्थानिक वाटाड्या शेवटपर्यंत आलाच नाही. तुमचे टूर मॅनेजर स्वभावाने चांगले होते, धावपळही करत होते, पण त्यांना त्या वाटांची काहीही माहिती नव्हती. 3 तारखेला पहिल्याच चालीत अर्ध्या तासात आम्ही चुकलो. तिथे झाडांवर आणि दगडांवर पांढरा व त्याखाली तांबडा असे दोन आडवे पट्टे रंगवलेले असतात, ती जीआरची खूण. तेच दोन रंग फुलीसारखे एकमेकांवर आले की समजायचं, ही आपली वाट नव्हे. फुली मला दिसली, मी थांबून दाखवली, तरी “पुढे रस्ता लागेल” म्हणत गटाला तसंच पुढे नेलं. पुढे एका शेताचं कुंपण लागलं. तिथून परत बसकडे आलो आणि त्या दिवसाची चाल संपली. आपल्याकडे वाट चुकली तर धनगरवाड्यावर विचारता येतं. इथे फ्रेंच येणारं आमच्यात कुणी नव्हतं, म्हणून तर स्थानिक माणूस हवा होता.

आता या पत्राचं मुख्य कारण. रविवार, 5 ऑक्टोबर.

त्या दिवशी बेसेदच्या जंगलात चाल होती. सकाळी धुकं होतं. वाटेवर चेस्टनटची काटेरी बोंडं फुटून पडली होती आणि सगळं रान ओल्या पाल्याच्या वासाने भरलं होतं. जंगलाच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला एक फलक उभा होता. त्यावर ‘शास आँ कूर’ असं फ्रेंचमध्ये लिहिलं होतं. माझ्या पतींनी टूर मॅनेजरना त्याचा अर्थ विचारला. त्यांनी “जंगल खात्याची पाटी असेल” असं उत्तर दिलं. त्या शब्दांचा अर्थ ‘शिकार चालू आहे’ असा होतो. फ्रान्सच्या खेड्यांत सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो आणि रविवारी ती सर्वांत जास्त चालते. रानडुकरांसाठी हाका घालतात : एका बाजूने माणसं आणि कुत्री जनावर उठवतात, दुसऱ्या बाजूला बंदुका घेऊन शिकारी ओळीने उभे असतात. 2019 च्या कायद्याने अशा हाक्याच्या वेळी रस्त्यावर फलक लावणं आणि शिकाऱ्यांनी झळाळत्या रंगाचं जाकीट घालणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे त्या लोकांनी आपलं काम चोख केलं होतं. फलक लावला होता. तो वाचता येईल असा माणूस आमच्यासोबत पाठवणं हे तुमचं काम होतं.

आम्ही चौदा जण आत शिरलो. निम्म्यांच्या अंगात तपकिरी किंवा हिरवी जाकिटं होती, कारण तुमच्या सूचनापत्रकातच “निसर्गाशी मिळतेजुळते रंग वापरा” असं लिहिलं होतं. वीस मिनिटांनी कुत्र्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. आमच्यातल्या एका आजींना त्या गुरांच्या वाटल्या. मग शिंग वाजलं आणि लगोलग दोन बार, इतके जवळ की आवाज छातीत बसला. आम्ही सगळे होतो तिथेच खाली बसलो. नारिंगी जाकीट घातलेला एक म्हातारा शिकारी झाडीतून ओरडत, हात हलवत आमच्याकडे आला. त्याचा चेहरा आमच्याइतकाच पांढरा पडला होता. त्याने स्वतःचं जाकीट काढून सर्वांत पुढे असलेल्या आमच्या सहप्रवासी मुलीच्या अंगावर घातलं, शिंग वाजवून हाका थांबवला आणि आम्हाला रस्त्यापर्यंत सोडून आला. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी विसरणार नाही. ती मुलगी चोवीस वर्षांची आहे आणि आईला घेऊन आली होती. बसमध्ये बसल्यावरही तिच्या आईच्या हातांची थरथर थांबली नव्हती. त्या रात्री तुमच्या कार्यालयातून कुणाचाही फोन आला नाही.

त्यानंतर उरलेल्या सगळ्या चाली रद्द केल्या आणि त्यांच्या जागी बाजारपेठा घातल्या.

आदिमानवाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या लास्कोच्या गुहेबद्दलही लिहायला हवं. माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर “लास्कोच्या मूळ गुहेत प्रवेश” असं छापलं आहे. ही गुहा 1940 साली सापडली आणि माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागल्यामुळे 1963 पासून लोकांसाठी बंद आहे. लोकांना दाखवतात ती प्रतिकृती, 2016 साली माँतिन्याक गावात उघडलेली. ती फार सुंदर केली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बासष्ट वर्षं बंद असलेल्या गुहेत नेण्याचं वचन देऊन पैसे घेणं ही फसवणूक आहे. मूळ चित्रं दाखवायचीच होती तर त्याच परिसरात फाँ-द-गोम आणि रुफिन्याक या तशाच चित्रांच्या गुहा आहेत. आधी आरक्षण केलं असतं तर तिथे जाता आलं असतं.

जेवणाचं थोडक्यात सांगते. आम्ही सहा जण शाकाहारी, तसं बुकिंगच्या वेळी लेखी कळवलं होतं. सार्ला गावात दोन रात्री आम्हाला परतलेले बटाटे “शाकाहारी” म्हणून वाढले. हे बटाटे तिथे बदकाच्या चरबीत परततात, ती त्या गावाची प्रसिद्ध पद्धत आहे. तिसऱ्या दिवशी वाढणाऱ्या बाईंनीच हे सांगितलं. आमच्यातल्या दोघींनी जन्मात मांसाहार केलेला नाही. त्यानंतर परतीपर्यंत त्या पाव आणि फळांवर राहिल्या.

किल्ल्यांचं म्हणाल तर बेनाक खालच्या रस्त्यावरून दाखवला, कास्तेलनोसमोर पुलाजवळ फोटोसाठी वीस मिनिटं दिली. शेवटी 7 तारखेला आम्ही दोघांनी खरेदीचा कार्यक्रम सोडला, टॅक्सी केली आणि स्वतःच्या पैशाने कास्तेलनो पाहिला. 1337 ते 1453 च्या युद्धात हा किल्ला इंग्रजांकडे आणि फ्रेंचांकडे आलटूनपालटून गेला, आणि समोर नदीपलीकडे फ्रेंचांच्या बाजूचा बेनाक. तटावरून तो समोरच दिसतो. दगड फेकणारी लाकडी यंत्रं तटावर पुन्हा उभी केली आहेत. दोन किल्ले एकमेकांवर डोळा ठेवून कसे जगत असतील, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. मग रानातून चालत मिलांदच्या वाड्यापर्यंत गेलो. खुणा इतक्या स्पष्ट होत्या की एकदाही थांबावं लागलं नाही. तुमच्या आठ दिवसांच्या सहलीतला तो एकच दिवस आम्हाला हवा तसा मिळाला, आणि तो तुमच्या कार्यक्रमात नव्हता.

माझ्या मागण्या अशा. पाचपैकी चार चाली झाल्या नाहीत, वाटाड्या दिला नाही, म्हणून माणशी 1,40,000 रुपये परत करावेत. 7 तारखेचा टॅक्सी व तिकिटांचा 118 युरो खर्च वेगळा द्यावा, पावत्या जोडल्या आहेत. 5 तारखेच्या घटनेबद्दल चौदाही प्रवाशांची लेखी माफी मागावी. लास्कोबद्दलचा खोटा मजकूर माहितीपत्रकातून आजच काढावा. आणि ही सहल सप्टेंबर ते फेब्रुवारीत पुन्हा नेणार असाल तर आदल्या दिवशी गावच्या नगरपालिकेत शिकारीची चौकशी करणारा, फ्रेंच बोलणारा वाटाड्या आणि प्रत्येकाला झळाळतं जाकीट दिल्याशिवाय एकही माणूस जंगलात नेऊ नये. पैशांआधी मला याचं उत्तर हवं आहे, कारण तुमच्या संकेतस्थळावर पुढच्या ऑक्टोबरची नोंदणी सुरू झालेली दिसते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. गटातल्या नऊ जणांनी आपले जबाब लिहून दिले आहेत.

आपली,
एक प्रवासी
(नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक सोबतच्या अर्जात)

सोबत : माहितीपत्रकाची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या फलकाचे छायाचित्र, शाकाहाराबद्दलचा ईमेल, नऊ सहप्रवाशांचे जबाब