ब्रॉन्क्सला रुजू झालेल्या लेकीस

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया, सप्टेंबर

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, माझ्याकडची बरीच मुलं लॅटिनो आहेत, घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. त्यांना आधी डिग्रीचं महत्त्व पटवून द्यायला हवं." तू अ‍ॅडव्हायझर म्हणून न्यूयॉर्कला कॉलेजात नुकतीच रुजू झालीस, म्हणून हे मनापासून लिहितेय. महत्त्व त्यांना केव्हाच पटलंय गं. माझ्या गणिताच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप शेतात नाहीतर फळांच्या पॅकिंग हाउसमध्ये राबतात. नाव घालायच्या दिवशी आजीपासून धाकट्या भावंडांपर्यंत सगळं घर कॉलेजात येतं. इच्छा तिथंच दिसते. मुलं हातची जातात ती त्यानंतर, आणि कुठे जातात ते शोधत बसणं हे तुझं काम.

2010 मध्ये चार वर्षांच्या कॉलेजांत पूर्णवेळ दाखल झालेल्यांपैकी सहा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले ते असे: आशियाई 74 टक्के, गोरे 64, हिस्पॅनिक म्हणजे लॅटिनो 54. आपल्यासारख्या घरांतली मुलं त्या 74 मध्ये मोडतात, पण ते त्यांच्या हुशारीमुळे असं मी कधी मानलं नाही. तुझा फॅफ्साचा, म्हणजे कॉलेजसाठीच्या सरकारी मदतीचा, फॉर्म बाबांनी एका संध्याकाळी भरून टाकला. कुठला विषय कधी घ्यायचा हे तुला जेवणाच्या टेबलावर कळत होतं. ज्या घरात हे सांगणारं कुणी नाही, तिथे ते कॉलेजनं सांगायला हवं, आणि बहुतेक कॉलेजं सांगत नाहीत.

माझ्याच विषयाचं बघ. पूर्वी आमच्याकडे दाखल होताना एक परीक्षा घ्यायचे आणि तिच्या गुणांवर मुलांना खालच्या गणितात टाकायचे. आधी अंकगणित, मग बीजगणिताचे दोन कोर्स, आणि मग कुठे पदवीला धरला जाणारा स्टॅटिस्टिक्स. समजा प्रत्येक पायरीवर शंभरातली सत्तर मुलं पास झाली. म्हणजे निकाल काही वाईट नाही. तरी दुसऱ्या पायरीनंतर 49 उरतात, तिसरीनंतर 34 आणि शेवटी 24. शिवाय पास होऊनही पुढच्या सेमिस्टरला नावच न घालणारी मुलं वेगळीच. हे गणित मी फळ्यावर मांडलं की मुलं गप्प होतात. खालच्या वर्गांत लॅटिनो मुलं त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त असायची. 2017 मध्ये कॅलिफोर्नियानं एबी 705 हा कायदा केला: हायस्कूलचे गुण बघा आणि मुलाला वर्षभरात पदवीच्या पातळीचं गणित पुरं करता येईल अशी सोय करा. आता आम्ही थेट स्टॅटिस्टिक्सला घेतो आणि सोबत जादा तास देतो. सगळेच पास होत नाहीत, पण जी मुलं पूर्वी या वर्गाच्या दारापर्यंत पोचतच नव्हती, ती आज त्यात बसून पास होताहेत.

दुसरी गोष्ट इथल्या मातीतली. आमचं सेमिस्टर ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं आणि त्याच सुमारास बेदाण्याच्या द्राक्षांची तोडणी लागते. घड तोडून वेलींच्या ओळींमध्ये कागदावर वाळत घालायचे, मग कागद गुंडाळून पाऊस यायच्या आत उचलायचे. घरातली सगळी माणसं रानात. माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच तिसऱ्या आठवड्यात दिसेनाशी झाली. मी फोन केला तेव्हा रानातला वारा ऐकू येत होता. तिला वाटत होतं, आता सगळे विषय सोडावेच लागतील. एकच सोडला असता तरी ती पूर्णवेळ धरल्या जाणाऱ्या बारा क्रेडिटच्या खाली आली असती आणि तिची पेल ग्रँट, म्हणजे गरजू मुलांना मिळणारी सरकारी मदत, कमी झाली असती, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. शनिवारी बसून आम्ही राहिलेलं भरून काढलं. तिला बुद्धी कमी नव्हती, वेळेवर एक फोन हवा होता.

तुझ्याकडे द्राक्षं नसतील, पण असं काहीतरी असेलच. कुणी आजीला दवाखान्यात नेऊन तिथे दुभाषाचं काम करत असेल, कुणी रात्रपाळीहून थेट वर्गात येत असेल. सगळ्या लॅटिनो मुलांना एकाच मापानं मोजू नकोस. ब्रॉन्क्समधली प्वेर्तो रिकन मुलं 1917 पासून जन्मानंच अमेरिकन नागरिक आहेत. त्यांना कागदपत्रांची धास्ती नाही. माझ्याकडच्या, मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या काही घरांत स्पॅनिशसुद्धा दुसरी भाषा आहे, घरी मिश्तेक ही तिथली मूळ भाषा बोलतात. ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्यांना 2024 च्या सुरुवातीला नव्या फॅफ्साच्या वेबसाइटवर शिरताही येत नव्हतं. मुलगा स्वतः नागरिक असूनही फॉर्म अडकलेला. अशा घरी फॉर्म भरायला घाबरतात तेव्हा त्यांना आळशी म्हणू नये.

नापास झाल्यामुळे ज्यांची सरकारी मदत थांबते, त्यांच्याकडे विशेष लक्ष दे. एक सेमिस्टर बिघडलं की पत्र येतं, आणि मुलं ते पत्र म्हणजे हकालपट्टीच समजतात. आजारपण, घरातला मृत्यू, अशा कारणांसाठी अपील करता येतं, हे त्या पत्रात कुठेतरी खाली लिहिलेलं असतं. तू ते समोर बसवून वाचून दाखव आणि अपील तिथल्या तिथे लिहून घे.

तुझ्याच सिटी युनिव्हर्सिटीनं 2007 मध्ये मुलांची पदवी वेळेत पुरी व्हावी म्हणून एएसएपी ही योजना सुरू केली, ती बारकाईनं समजून घे. इतर मदतीनंतर उरलेली फी माफ, पुस्तकं, बस-सबवेचा पास, आणि एका अ‍ॅडव्हायझरकडे 60 ते 80 मुलं, जिथे एरवी 600 ते 1500 असायची. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची वाटणी करून अभ्यास झाला. तीन वर्षांत या योजनेतल्या 40 टक्के मुलांनी दोन वर्षांची पदवी पुरी केली, बाहेरच्यांपैकी 22 टक्क्यांनी. ओहायोत तीन कॉलेजांनी तेच केलं आणि तिथेही पदव्या जवळपास दुप्पट झाल्या. दर मुलामागे खर्च वाढतो, पण दर पदवीमागे कमी होतो. पैसे नाहीत असं म्हणणाऱ्या वरिष्ठांना हे वाक्य ऐकव.

वेळ काढून ग्रँड कॉनकोर्सवरच्या ओस्तोस कॉलेजवरून एकदा चालत जा. 1976 मध्ये शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि ते बंद करायचं घाटत होतं, तेव्हा विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतली माणसं वीस दिवस इमारत धरून बसली. या समाजाला शिक्षणाची किंमत कळत नाही असं कुणी म्हणालं तर हे सांग.

तुझे आजोबा साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात राहून, शेतावर काम करून बी.ए. झाले. ते हुशार होते, पण गावात त्यांच्याइतकी हुशार मुलं आणखीही होती. कर्मवीर अण्णांनी जेवणाची, राहण्याची आणि कामाची सोय आधी लावली, म्हणून ते शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचले. तुझ्या मुलांना मिळणाऱ्या बस-सबवेच्या पासावरून मला त्याच सोयीची आठवण येते.

नोव्हेंबरात पुढच्या सेमिस्टरची नोंदणी सुरू होईल. ज्यांनी नाव घातलं नाही त्यांची यादी काढ आणि एकेकाला फोन कर. मेसेज नको, फोन. आई उचलेल तर तिच्याशीही बोल. तुझं स्पॅनिश मोडकं असलं तरी चालेल. पहिल्या आठवड्यात कितीजण परत आले ते मला कळव. बाबांचे आशीर्वाद. थंडीचा कोट घेतलास का?

तुझी,
आई